व्हॅनमधला बंब

सुट्ट्या जवळ आल्या की इथे अमेरिकेत आपल्यापैकी बरेच जण कॅम्पर व्हॅन काढतात. कुणी भाड्याने घेतं, कुणी जुनी व्हॅन घेऊन स्वतःच सजवतं. मग घरातून पहिला प्रश्न येतो, "आंघोळीला गरम पाणी मिळणार ना?" आज त्याबद्दलच बोलू या. टाकी नसलेला, गॅसवर पाणी लगेच तापवणारा हीटर व्हॅनमध्ये बसवायचा तर काय बघायचं?

सुरुवात माझ्याच चुकीने करतो. मागच्या वर्षी मी एक स्वस्त, हलका हीटर आणला. दिसायला अगदी तिकडच्या गॅस गिझरसारखा. बिनधास्त व्हॅनच्या आत टांगला, मागचं दार उघडं ठेवलं आणि पाणी सोडलं. थोड्याच वेळात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म किंचाळला. गॅस बंद करून आम्ही सगळे बाहेर पळालो. तेव्हा भारतातून आलेले बाबा एवढंच म्हणाले, "अरे, आपला तांब्याचा बंब कुठे असायचा? परसात. आणि त्यालाही धुराडं होतंच ना?" नंतर माहितीपुस्तिका उघडली. ठळक अक्षरांत लिहिलं होतं, फक्त उघड्यावर वापरा.

मंडळी, हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि आपल्याला वाटतं, प्रवासाचा शीण असेल. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने जीव गेल्याच्या बातम्या आपण तिकडच्या पेपरात वाचतो. व्हॅन त्या बाथरूमहून फार मोठी नसते, आणि आपण तिच्यातच झोपतो.

तेव्हा मार्ग दोन. उघड्यावरचा हीटर घेतलात, तर तो व्हॅनबाहेर, दारं-खिडक्यांपासून लांब टांगा. आतच बसवायचा असेल, तर अशा गाड्यांसाठी प्रमाणित केलेला, बंद ज्वलनकक्षाचा घ्या. तो जळण्यासाठीची हवा बाहेरून घेतो आणि धूरही बाहेरच सोडतो. त्यासाठी व्हॅनला भोक पाडावं लागतं. जीवावर येतं खरं, पण पाडाच.

आता थोडं गणित. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला एक बीटीयू उष्णता लागते. शॉवर मिनिटाला दीड गॅलन, म्हणजे साडेबारा पौंड पाणी सोडतो. ते ५५ अंशांवरून १०५ वर न्यायचं, तर तासाला सुमारे ३७,५०० बीटीयू हवेत. थोडी उष्णता वाया जातेच, म्हणून ४२,००० चा हीटर जेमतेम पुरतो. २० पौंडांच्या प्रोपेन सिलिंडरवर तो साधारण दहा तास चालेल. पण २० गॅलनची पाण्याची टाकी तेरा मिनिटांत रिकामी! म्हणजे गॅसच्या कितीतरी आधी पाणी संपतं. अशा वेळी आपली बादली-तांब्याची आंघोळच बरी. मात्र नळ अगदी बारीक सोडू नका. प्रवाह ठरावीक मर्यादेखाली गेला की हीटरची ज्योत विझते.

जोडणीबद्दल दोन शब्द. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला की तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतल्या बाजूने हवाबंद हवा आणि त्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं. प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासा, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून कधीही बघू नका. पाण्याची पाइपलाइन आणि पंप हौसेने स्वतः बसवा, पण गॅसची जोडणी परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. प्रोपेनचा अलार्म जमिनीलगत लावा, कार्बन मोनॉक्साइडचा झोपायच्या जागेजवळ. आणि थंडी पडण्याआधी हीटरमधलं पाणी पूर्ण काढून टाका. गोठलं तर आतली नळी फुटते.

अलार्म वाजला तर कारण शोधत बसू नका. आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग ९११ ला फोन करा.

आमच्या व्हॅनला आता बाहेर उघडणारं धुराडं आहे. बाबा त्याला बंबच म्हणतात. यंदाच्या पहिल्या सहलीत पहिली आंघोळ त्यांचीच झाली.

सुखरूप फिरा, मंडळी. नमस्कार.