तुळईवरची भेग

आज इमारतीच्या पार्किंगमध्ये गेलात की मान वर करून तुळईच्या तळाकडे पाहा. सळईच्या रेषेनेच धावणारी भेग आणि तिच्यातून उतरलेला तपकिरी ओघळ दिसला, तर आतली सळई गंजू लागली आहे असे समजा.

चांगल्या काँक्रीटचा सामू 12 च्या वर असतो, त्यामुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे मुरत जाऊन हा सामू उतरवतो. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर तर खारे वारे तो थर थेट भेदतात. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही, म्हणून ते आतून फुटते.

अशा वेळी गवंडी बोलावून पोपडे खरवडायचे, सिमेंटचा हात फिरवायचा आणि वर रंग द्यायचा, ही आपली सवय. ती मला फार धोक्याची वाटते. गंज तसाच वाढत राहतो आणि सावध करणारी खूण मात्र पुसली जाते.

खरी दुरुस्ती सुरू होते टेकूंपासून. छिन्नी लावण्याआधी तुळईचा भार टेकूंवर घ्यायचा. खाली आणखी मजले असतील तर तिथेही, टेकूखाली टेकू, थेट जमिनीपर्यंत. मग पोकळ वाजणारे सगळे काँक्रीट काढायचे, तेही नुसती सळई दिसेपर्यंत नव्हे, तिच्या मागे बोट जाईल इतके. पुढून घासली आणि मागे गंज राहिला, तर पैसे वाया गेले. साफ केलेल्या सळईची जाडी मोजायची. फार झिजली असेल तर पुरेशा लांबीचा जोड देऊन नवी सळई घालायची. त्यावर गंजरोधक लेप, जुन्या-नव्याला धरून ठेवणारा लेप, आणि तो सुकण्याआधी पॉलिमर मॉर्टर. नुकसान खोल असेल तर साचा बांधून मायक्रोकाँक्रीट ओततात. कार्बन फायबरच्या पट्ट्यांनी तुळईची ताकद वाढते, पण आतला गंज त्यांनी थांबत नाही. आणि वरच्या मोरीची गळती आधी बंद झाली नाही, तर यातले काहीच टिकत नाही.

मुंबईत 30 वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींची संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्याने बंधनकारक आहे. तुमची इमारत त्या वयाची असेल, तर सोसायटीच्या येत्या सभेत रंगकामाच्या आधी हा विषय घ्या.