खिडकी उघडी आहे, पण काम होते का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘सर्व्हर डाऊन आहे’ हे आजच्या मराठीतले एक सर्वमान्य वाक्य झाले आहे. रेशन दुकानात, बँकेत, तहसील कचेरीत हे वाक्य ऐकवले की समोरच्याने निमूटपणे घरी जायचे असते. पाऊस आला, लाईट गेली, तसा सर्व्हर डाऊन झाला, असे आपण मानून घेतले आहे. पण पाऊस ही निसर्गाची करणी आणि सर्व्हर ही माणसाची. माणसाने बनवलेल्या वस्तूत उणीव असेल तर ती शोधता येते आणि सुधारून मागताही येते. आज मी अशाच दोन यंत्रणांविषयी बोलणार आहे. त्या पडद्याआड असतात. पण आपले काम आज होणार की उद्या, हे पुष्कळदा त्यांच्यावर ठरते.

पहिली यंत्रणा पत्ता सांगणारी. आपण संगणकावर संकेतस्थळाचे नाव टाइप करतो, पण यंत्रांना नाव कळत नाही, आकडा कळतो. नावावरून आकडा सांगणाऱ्या यंत्रणेला डोमेन नेम सिस्टीम, थोडक्यात डीएनएस म्हणतात. पूर्वी जगातल्या जोडलेल्या सगळ्या संगणकांची नावे एकाच यादीत असत आणि ती यादी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत सांभाळली जाई. संगणक वाढले तशी यादी आवरेना. तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ही यादी जगभर वाटून ठेवण्याची पद्धत आखली. ती आजही चालू आहे.

दुसरी यंत्रणा रांग लावणारी. एखाद्या कचेरीत पाच खिडक्या आहेत आणि दारात शिपाई उभा आहे असे समजा. ‘तुम्ही तीन नंबरला जा, मावशी तुम्ही पाचला’ असे तो सांगतो. लोक सारखे वाटले जातात आणि एक खिडकी बंद पडली तरी काम थांबत नाही. संगणकांच्या दारातल्या या शिपायाला लोड बॅलन्सर म्हणतात. १९९६-९७ च्या सुमारास अशी यंत्रे बाजारात आली. आज बँका, विद्यापीठे, शासकीय खाती या दोन्ही यंत्रणा तयार उत्पादन म्हणून विकत घेतात किंवा भाड्याने वापरतात.

आता यात आपले काय अडते ते पाहू. १६ जुलै २०२१ हा दिवस आठवा. कोरोनामुळे दहावीची परीक्षा झाली नव्हती. अंतर्गत मूल्यमापनावरचा निकाल दुपारी एकला जाहीर झाला. पंधरा लाखांहून अधिक मुले आणि त्यांचे पालक एकाच वेळी संकेतस्थळावर गेले आणि संकेतस्थळ कोलमडले. कित्येक तास मुले फोन हातात धरून बसली होती. त्यानंतर २१ मे २०२५ रोजी अकरावीची प्रवेश नोंदणी प्रथमच साऱ्या राज्यासाठी ऑनलाइन सुरू व्हायची होती. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ चालेना आणि नोंदणी २६ मेपासून सुरू करावी लागली. शहरातल्या मुलाच्या हाती दुसरा फोन तरी असतो. सोयगाव किंवा कन्नड तालुक्यातल्या खेड्यातून बसने येऊन सायबर कॅफेत बसलेल्या मुलीचा मात्र अख्खा दिवस, तिच्या वडिलांचा रोज आणि दोघांचे बसभाडे जाते. हा खर्च कोणत्याही कंपनीच्या हिशेबात दिसत नाही.

या दोन घटनांमागचा तांत्रिक तपशील हा आजचा विषय नाही. अशा प्रसंगी उपयोगी पडावीत म्हणून जी उत्पादने घेतली जातात, त्यांत काय कमी असते, ते मी सांगतो.

पहिली उणीव तब्येत तपासण्याची. लोड बॅलन्सर दर काही सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरला विचारतो, ‘आहेस का?’ तो म्हणतो, ‘आहे.’ झाली तपासणी! म्हणजे आमच्या शिपायाने खिडकीतला दिवा पाहिला आणि माणूस तिकडे पाठवला. आतल्या कारकुनाकडे फॉर्म आहेत का, शिक्का आहे का, हे त्याने पाहिलेच नाही. पुष्कळ ठिकाणी तपासणी एवढ्यावरच ठेवलेली असते. खरी तपासणी कामाची हवी. निकालाचे संकेतस्थळ असेल तर चाचणीसाठी एक कल्पित बैठक क्रमांक ठेवावा आणि त्याचा निकाल पूर्ण उमटतो की नाही, हे यंत्राने स्वतः पाहत राहावे. ही सोय उत्पादनांत असते, पण ती खटपट करून बसवावी लागते. ती पहिल्या दिवसापासून चालू असायला हवी.

याची दुसरी बाजूही आहे. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री आपल्याकडे नऊनंतर फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम सारे बंद पडले. देखभालीच्या एका चुकीच्या आज्ञेने कंपनीच्या केंद्रांना जोडणारे जाळे तुटले होते. तेव्हा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरांनी ‘आपला केंद्राशी संपर्क नाही, म्हणजे आपणच बिघडलो’ असे ठरवून स्वतःलाच जगाच्या नकाशावरून काढून घेतले. शिपायाने पाचही खिडक्या बंद समजून कचेरीला कुलूप लावावे, तसे झाले. दुरुस्तीची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने कंपनीच्या अभियंत्यांनाच आत शिरायला वेळ लागला. म्हणून एक साधा नियम हवा. एक खिडकी बिघडलेली दिसली तर खिडकीवर शंका घ्यावी. सगळ्याच बिघडलेल्या दिसल्या तर तपासणीवर शंका घ्यावी आणि शेवटचा चांगला पत्ता देत राहावे. काही उत्पादनांत ही सोय आहे, पण ती सेटिंगच्या जंगलात कुठेतरी दडलेली असते.

दुसरी उणीव बदलाच्या वेळची. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीत, अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियामधील अ‍ॅमेझॉनच्या संगणक केंद्रातल्या बिघाडाने जगभरच्या कितीतरी सेवा बंद पडल्या. पत्त्यांची नोंद अद्ययावत ठेवणाऱ्या दोन स्वयंचलित प्रक्रिया एकमेकींच्या आड आल्या. रेंगाळलेल्या एकीने जुनी नोंद लावली, दुसरीने जुनी म्हणून ती पुसली आणि एका महत्त्वाच्या सेवेच्या नावापुढे पत्ताच उरला नाही. शेवटी माणसांना हात घालावा लागला. एवढ्या मोठ्या कंपनीत हे होते, तर आपल्या एखाद्या कार्यालयात एकट्या तंत्रज्ञाच्या हातून रात्री अकरा वाजता काय होईल? चालू सेवेच्या नावापुढे पत्ता रिकामा होऊ लागला तर यंत्राने हटून बसावे. ‘हा बदल केल्यास अमुक नावे बंद पडतील’ असे आधी दाखवावे. आणि एका कळीने कालच्या स्थितीत परत जाता यावे.

बदलाचाच आणखी एक भाग आहे. डीएनएसचे उत्तर वाटेतली यंत्रे काही काळ लक्षात ठेवतात. त्यामुळे पत्ता आता बदलला तरी काही लोक तासन्‌तास जुन्याच दारावर जात राहतात. ‘आमच्याकडे चालते आहे, तुमच्याकडेच काहीतरी असेल’ हे उत्तर आपण ऐकतो, त्याचे एक कारण हे आहे. हा बदल शेवटच्या माणसापर्यंत पोचायला किती वेळ लागू शकतो, हे पडद्यावर ठळकपणे दिसायला हवे.

तिसरी गोष्ट समजायला आपल्या शहराइतकी चांगली जागा नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकात इथे नहर बांधली. डोंगराकडचे पाणी जमिनीखालून आणून मातीच्या नळांनी वस्तीत वाटले. मधल्या उंच मनोऱ्यांतून नळातली हवा निघून जाई आणि पाणी पुढे सरके. वाटपाची ही व्यवस्था अप्रतिमच. पण वाटप म्हणजे पाणी वाढवणे नव्हे. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार हे विचारत ज्यांची वर्षे गेली, त्यांना हे सांगायला नको. लोड बॅलन्सरचेही तसेच आहे. पुढे वीस सर्व्हर लावले आणि मागे माहितीची विहीर एकच असली तर वीस तोट्या कोरड्याच राहतात. मागची विहीर आटत चालली हे यंत्राला कळावे आणि त्याने वेळीच सांगावे.

आणि सांगायचे ते फक्त तंत्रज्ञाला नव्हे, रांगेतल्या माणसालाही. माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव हीच आहे. बँकेत टोकन मिळाले की माणूस शांतपणे बसतो. संकेतस्थळावर मात्र गोल चक्र फिरत राहते, मग इंग्रजीत एक आकडा येतो. माणूस पुन्हा कळ दाबतो, पुन्हा दाबतो आणि गर्दी आणखी वाढते. ‘आपला क्रमांक अमुक आहे, सुमारे वीस मिनिटे लागतील, पान बंद केले तरी क्रमांक जाणार नाही’ असे मराठीत दाखवणारे प्रतीक्षागृह उत्पादनातच असायला हवे. हे अशक्य नाही. जानेवारी २०२१ मध्ये क्लाउडफ्लेअर या कंपनीने लसनोंदणी करणाऱ्या संस्थांसाठी असे प्रतीक्षागृह मोफत देऊ केले होते. आपल्याकडे उलट घडते. निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रांत चार-पाच संकेतस्थळांचे पत्ते छापून येतात आणि एक चालले नाही की पालक दुसरे उघडतात. म्हणजे रांग वाटण्याचे यंत्राचे काम पालक करतात!

भाषेचाही प्रश्न आहे. २७ ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ ही नावे मिळू लागली. मराठी अक्षरांत संकेतस्थळाचे नाव घेता येते. पण डीएनएस आतून ते नाव रोमन अक्षरांच्या निरर्थक दिसणाऱ्या ओळीत साठवते आणि व्यवस्थापनाच्या पडद्यावर बहुधा तीच ओळ दिसते. घाईच्या वेळी दोन ओळींत फरक कसा करायचा? पडद्यावर नाव देवनागरीतच दिसावे, ही काही फार मोठी मागणी नाही.

शेवटी सुरक्षितता आणि पैसा. जुलै २०२० मध्ये एफ-फाइव्ह या प्रसिद्ध कंपनीच्या लोड बॅलन्सरच्या व्यवस्थापन पडद्यात अतिशय गंभीर त्रुटी सापडली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच कंपनीने घुसखोरांनी आपल्या उत्पादनाच्या मूळ आज्ञावलीचा काही भाग पळवल्याचे जाहीर केले. दारातला शिपाईच फितूर झाला तर आतली कुलपे काय कामाची? व्यवस्थापनाचा पडदा इंटरनेटवरून उघडणारच नाही, अशीच मूळ मांडणी हवी. आणि परवाना बऱ्याचदा क्षमतेच्या मापाने विकला जातो. निकालाची गर्दी वर्षातून दोन-तीन दिवस असते. तेवढ्यासाठी वर्षभराची मोठी क्षमता कोण घेईल? त्या दिवसांपुरती क्षमता वाढवून मिळण्याची सोय करारातच असावी.

या साऱ्या सुधारणा कंपन्या आपणहून करतील असे नाही. विकत घेणारा जे विचारतो तेच विक्रेता बनवतो. आज निविदेत वेग आणि किंमत यांचे रकाने असतात. त्यात आणखी चार प्रश्न घालावेत. काम होते की नाही, हे तुमचे यंत्र तपासते का? चुकीचा बदल ते अडवते का? मागे फिरता येते का? आणि यंत्रणा थकली तर रांगेतल्या माणसाला त्याच्या भाषेत काय सांगितले जाईल? या चार प्रश्नांची उत्तरे विक्रेत्याने नुसती लिहून देऊ नयेत. खोटी गर्दी करून, सर्वांसमोर दाखवावीत. मग ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य ऐकून मुकाट्याने घरी जाण्याची वेळ आपल्यावर कमी वेळा येईल.