औषधी पट्टी आणि वृद्धांची त्वचा

वऱ्हाडांतील वाशीम जिल्ह्यांत जुन्या पिढीला बिब्ब्याची ओळख करून द्यावी लागत नाहीं. पायांत कांटा मोडला कीं त्यावर बिब्ब्याचा चटका देण्याची चाल होती. कोणाला तो सोसे. कोणाला मात्र उते, आणि चटक्याच्या जागेपलीकडे सूज व फोड पसरत. औषध तेंच, पण त्वचा निराळी. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना लावावयाच्या औषधी पट्टीविषयीं हाच विवेक बाळगावा लागतो.

अल्झायमरच्या विकारांत दिलें जाणारें रिव्हास्टिग्मिन पोटांत घेतल्यास पुष्कळांना मळमळ व वांत्या होतात. त्याचीच पट्टी पाठीवर, छातीवर किंवा दंडावर लावली म्हणजे औषध २४ तास सावकाश शरीरांत उतरतें व हा त्रास कमी होतो. अमेरिकेंत या पट्टीला २००७ सालीं मान्यता मिळाली.

परंतु पोटाचा भार हलका झाला तरी कांहीं अंशीं तो त्वचेवर पडतो. वृद्धांची त्वचा पातळ व कोरडी. त्यांतून खाज सुटल्याचें सांगण्यास लागणारे शब्दच या रुग्णापाशीं अनेकदां उरलेले नसतात. तो पट्टी ओरबाडतो, चिडतो, रात्रीं जागतो. आणि घरचीं माणसें तें मूळ दुखण्याचेंच लक्षण समजतात. म्हणून रोज पट्टी काढतांना तिच्याखालची त्वचा उजेडांत पाहणें हें शुश्रूषेचें आवश्यक अंग होय.

लाली पट्टीपुरतीच असून ओसरत असेल, तर तो बहुधा साधा दाह असतो. त्यासाठीं घाबरून औषध सोडण्याचें कारण नाहीं. पण लाली कडेबाहेर पसरली, पुटकुळ्या किंवा फोड उठले, आणि पट्टी काढून ४८ तास लोटले तरी उतार पडला नाहीं, तर ती वावड्याची खूण समजावी. अशा वेळीं पट्टी थांबवून डॉक्टरांस दाखवावें. वावडें जडल्यावर याच औषधाच्या कॅप्सूलनेंहि अंगभर पुरळ उठूं शकतें. यास्तव घरांत उरलेली कॅप्सूल परस्पर देऊं नये.

पट्टीची जागा रोज बदलावी; तीच जागा १४ दिवस टाळावी. तेल, मलम किंवा पावडर लागलेल्या अंगावर पट्टी धरत नाहीं. वाशीमच्या उन्हाळ्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो. घामानें पट्टी सुटूं शकते, आणि कडक उष्णतेनें औषध अधिक वेगानें शोषलें जाऊं शकतें. नवी लावण्यापूर्वीं जुनी काढलीच पाहिजे; दोन्ही एकदम राहिल्यास मात्रा वाढून जिवावर बेतूं शकतें. ज्यांच्या घरीं असा रुग्ण आहे, त्यांनीं तारीख, जागा आणि त्वचेची स्थिति एका वहींत टिपून ठेवावी. रुग्णाला जें सांगतां येत नाहीं, तें ती वही डॉक्टरांना सांगेल.