आम्हाला रात्रीचे दहा तास नकोत



धानाचे आणि कापसाचे बोलणे बैठकीत नेहमीच होते. आज दहा-वीस गुंठ्यांत भाजीपाला लावणाऱ्या आम्हा वाडीवाल्यांचे ऐका.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचे मे महिन्याचे ऊन तुम्हाला सांगायला नको. २०१९ च्या मे अखेरीस चंद्रपूरचा पारा ४८ अंशांच्या घरात गेला होता. अशा उन्हात टमाटरचा फुलोरा गळतो, वांग्यावर लाल कोळी चढतो. तगते ती भेंडी, गवार, चवळी. सावली धरली तर थोडा सांबार. आम्ही वाफ्यांवर धानाची तणस अंथरतो, पश्चिमेला पळसाच्या फांद्या रोवतो. नवतप्यापासून मृगापर्यंत बाजारात माल कमी, म्हणून भाव बरा. वर्षात दोन पैसे दिसतात ते याच दिवसांत.

आता पाण्याचा हिशोब करा. एक मिलिमीटर पाणी एकरभर पसरले की चार हजार लिटर झाले. दहा गुंठ्यांना हजार. या उन्हात पीक दिवसाला सात-आठ मिलिमीटर पिते असे धरा, म्हणजे सात-आठ हजार लिटर. दांडात मुरते ते धरून दहा-बारा हजार. विहिरीला पाणी असले तर तीन हॉर्सपॉवरची मोटर हे काम तासा-दीड तासात उरकते. एवढीच आमची गरज!

आणि मिळते काय? जिथे अजून दिवसाची वीज आली नाही तिथे पाळी : कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास. ऑटो लावा म्हणतात. ऑटोने मोटर चालू होते हो, पण बारे कोण फिरवणार? रात्री बॅटरी घेऊन बांधावर आम्हीच.

वाघ काही ताडोब्याची हद्द पाहून फिरत नाही. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या. त्या दिवसाउजेडी गेल्या होत्या. मग अंधारात ओलीत करणाऱ्याने काय करावे? भीतीने एक पाळी चुकवली की काकडी कडू होते, भेंडी निबर होते, आणि व्यापारी ती हातात घेऊन मोडून दाखवतो.

सौरपंप बसला तिथे दिवसाच पाणी टाक्यात भरून ठेवता येते, सकाळी वाफ्यांना सोडता येते. त्याबद्दल तक्रार नाही. पण तो सगळ्यांकडे पोचेपर्यंत किती उन्हाळे काढायचे?

म्हणून ठरावात एवढे घाला : एप्रिलपासून मृगापर्यंत जंगलालगतच्या फीडरवर सकाळी सहा ते नऊ थ्री-फेज वीज. रात्रीचे दहा तास खुशाल परत घ्या. आणि बैठक सुटायच्या आधी प्रत्येक गावाने आपल्या फीडरचे नाव व रात्रपाळीचे आठवडे कागदावर लिहून टेबलावर द्यावेत.