पुस्तक उघडायचं कधी?

(गडब येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



इथं बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. कुणी दहावीचा, कुणी बारावीचा. पुस्तकं आणली, कव्हरं घातली. आता ती फळीवर आहेत, बाबासाहेबांच्या फोटोखाली. उदबत्तीची राख पडतेय त्यांच्यावर.

मला तुम्ही बोलावलं कविता लिहितो म्हणून. कविता आज राहू द्या. मी मॅट्रिक झालेला माणूस, धरमतरच्या धक्क्यावर बार्ज खाली करतो. अभ्यासावर बोलायचा हक्क प्राध्यापकांचा, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. दिवसभर कोळसा ओढून आल्यावर पुस्तक कसं उघडायचं, हे प्राध्यापकाला कधी करावं लागलेलं नाही. आपला प्रश्न तेवढाच आहे.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. आपण आळशी आहोत म्हणून अभ्यास सुरू होत नाही, हे खोटं. सलग दोन पाळ्या मारणारा पोरगा आळशी कसा? पुस्तकाला हात लावला की त्याच्यामागे वर्ग उभा राहतो. शेवटचा बाक, फळ्यापुढं उभं करून उडवलेला हशा. 'हे तुमचं काम नाही' हा आवाज. मग आपण म्हणतो, आज मूड नाही, उद्या बसू. भीती वाटते असं कुणाला सांगवत नाही, म्हणून मूड हा शब्द सापडलाय.

भीती जाईपर्यंत थांबलात तर परीक्षा निघून जाईल. बार्जमध्ये ग्रॅब जिथं पोचत नाही तिथला कोळसा आम्ही फावड्यानं मध्ये ओढतो. खाली उतरल्यावर सगळा ढीग बघत उभा राहिलास तर पाय गळतात. पायाजवळचं एक फावडं मारायचं. दहा-बारा झाली की अंग आपोआप लागतं. वाचनाचं तसंच. पहिल्या दिवशी दहा मिनिटं बसा. एक पान. हसू नका, एकच पान. पण रोज, त्याच वेळेला, त्याच जागेवर. 'वेळ मिळाला की' असं म्हटलंत की संपलं. पाळीवरून आलो, अंघोळ केली, चहा घेतला, कप खाली ठेवला की पुस्तक, अशी गाठ बांधा. पाळी बदलली तरी अंघोळ आणि चहा बदलत नाही.

आणि उठताना उद्या कुठून सुरू करायचं ते कागदावर लिहून ठेवा. गणित अर्धं सोडून उठा. अर्धं राहिलेलं डोक्यात टोचत राहतं, दुसऱ्या दिवशी तेच ओढून बसवतं. मोबाईल आईच्या हातात द्या. ती परत देणार नाही, मला खात्री आहे.

आता बाबासाहेबांचं बघा. परळच्या चाळीत एक खोली. तिथंच चूल, तिथंच झोपणं. भीमराव लवकर झोपायचे, रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागायचे, त्यांना उठवायचे आणि मग स्वतः आडवे व्हायचे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले ते असे. आपण ही गोष्ट बुद्धिमत्तेची म्हणून सांगतो, टाळ्या घेतो. मला तिच्यात व्यवस्था दिसते. एक माणूस दोनपर्यंत जागला, म्हणून दुसरा दोनला उठला. तुम्हाला उठवणारं कोण आहे? नसेल तर दोघं-दोघं जोड्या लावा. याने त्याला हाक मारायची, त्याने याला. एकटा माणूस स्वतःला सहज फसवतो, पण दारात उभ्या राहिलेल्या दोस्ताला फसवणं जड जातं.

बहिणींबद्दल बोलतो, कारण त्या मागं बसल्यात आणि गप्प आहेत. त्यांनीही फॉर्म भरलेत. संध्याकाळी भाकऱ्या त्यांच्या, भांडी त्यांची, भावाची पाळी सुटली की त्याचं ताटही त्यांनीच वाढायचं. मग त्यांनी पुस्तक उघडायचं कधी? १८५५ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. त्या दोघांचं नाव घ्यायचं असेल तर आज रात्री भांडी घासा. बहिणीला अर्धा तास मिळेल.

सुरुवात धडा पहिला, पान पहिलं इथूनच करायची असंही नाही. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे शाळेत गेले जेमतेम दीड दिवस. मुंबईत दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं वाचत त्यांनी अक्षरं जुळवली. १९५९ साली त्याच माणसाची 'फकिरा' आली. समोर जे होतं तिथून त्यांनी धरलं. तुमच्या समोर काय आहे? पगाराची चिठ्ठी. शेकडेवारी येत नाही म्हणता ना? मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० धरा. त्यातून पीएफचे १२ टक्के कापतात. १५,००० चे शंभर भाग, एक भाग १५० चा. असे १२ भाग, म्हणजे १,८००. आता खिशातली चिठ्ठी काढा आणि स्वतःचा आकडा करून बघा. जमला तर शेकडेवारी झाली. चिठ्ठीवरच्या आकड्याशी जुळला नाही तर ठेकेदाराला विचारायला एक प्रश्न मिळाला.

नुसतं वाचत बसू नका, एवढं मात्र सांगतो. पान वाचलं की पुस्तक मिटा आणि काय वाचलं ते आपल्या बोलीत लिहा. मग उघडून ताडून बघा. राहिलेलं तेवढंच पुन्हा वाचा. चार वेळा नुसतं वाचण्यापेक्षा हे जास्त टिकतं. आणि जोडीदाराला समजावून सांगा. सांगताना जिथं अडखळाल तिथं तुम्हाला कळलेलं नाही, हे आपोआप दिसतं.

एखादा दिवस बुडेल. डबल पाळी लागेल, घरात आजारपण येईल. बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका, त्यात तोही बुडतो. रोजचं एक पान, बस्स.

तर विहाराची किल्ली आजपासून दोन जणांकडे राहील. संध्याकाळी ७ ते ८ दिवा चालू. माझी या आठवड्यात सकाळची पाळी आहे, मी येतो. सोमवारी येताना पगाराच्या चिठ्ठ्या आणा, व्याजाचं गणितही त्यावरच करू. जोड्यांची नावं आता लिहून घेतो. आधी मागच्या रांगेतून सांगा.