गिअरबॉक्स उघडायची हत्यारं

मैत्रिणींनो, 'हे ताकदीचं काम, बायकांना झेपायचं नाही' असं गॅरेजमध्ये पहिल्याच दिवशी ऐकवतात. म्हणून आज हत्यारांविषयीच बोलू. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जड असतो खरा, पण तो जॅकवर उतरवतात. पुरुषही खांद्यावर घेत नाहीत!

आत क्लचच्या चकत्यांमागे ताठ स्प्रिंग असते. ती कॉम्प्रेसरने दाबायची, मगच सर्कलिप पकडीने काढायची. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, सर्कलिप डोळ्यात उडते. चकत्यांमधली फट फीलर गेजने मोजायची, शाफ्टची पुढेमागे हालचाल डायल गेजने. व्हॉल्व्ह बॉडीचे बोल्ट तर अगदी हलके आवळायचे. जनरल मोटर्सच्या ४एल६०-ई मध्ये फक्त ११ न्यूटन-मीटर. चाकाच्या नटाला १०० च्या वर लागतात. जोर केला की ॲल्युमिनियममधले आटे गेलेच. इथे लहान टॉर्क रेंचच हवा.

आणि नेमका तोच मालकाच्या कुलपात असतो. शिकाऊ मुलीच्या हाती पाने पुसायचं फडकं येतं, मोजायची हत्यारं नाहीत. तेव्हा गटाच्या बचतीतून काही घ्यायचं तर पान्यांचा संच मागाहून. आधी टॉर्क रेंच आणि डायल गेज घ्या. छोट्या पोलादी गोळ्या जोडताना जागेवर चिकटून राहाव्यात म्हणून पेट्रोलियम जेली लागते, ती मात्र कुठल्याही दुकानात मिळते.