आहेरातली सुरी



लग्नसराई आली की आपल्यासारख्या नोकरदार माणसापुढे दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो : आहेर काय न्यावा? शाळेत गुरुजी मंडळी वर्गणी काढतात आणि वर्गणीतून बहुधा भिंतीवरचे घड्याळ येते. माझ्या एका मित्राच्या घरी अशी पाच घड्याळे आहेत. पाचही वेगवेगळी वेळ दाखवतात. तेव्हा आज मी एक निराळीच वस्तू सुचवणार आहे : भाजी चिरायची सुरी. हसू नका. या सुरीपायी मी एकदा भाचीसमोर खजील झालो आहे. ती हकिगत आधी सांगतो.

भाची धुळ्याला दिली. मी पडलो मामा, अंतरपाटाच्या वेळी नवरीच्या पाठीशी उभा राहणारा. आहेरही जरा भारी हवा, म्हणून जळगावच्या बाजारातून सहा सुऱ्यांचा चकचकीत संच घेतला. आत मखमल, वर काचेचे झाकण. खरे सांगायचे तर दुकानात मी पेटी पाहिली, सुरी पाहिलीच नाही. वर्षभराने तिच्याकडे गेलो तेव्हा ती डांगर चिरत होती आणि डाव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधलेली. काय झाले म्हणून विचारले, तर म्हणाली, "मामा, तुमनी सुरी डांगर कापस नही, बोट कापस!"

बोथट सुरीने हात कापतो हे ऐकायला उलटे वाटते, पण तसेच आहे. धार असली की पाते थोड्या दाबाने उतरते. धार नसली की आपण जोर लावतो, आणि डांगराच्या टणक सालीवरून पाते निसटले की तो सगळा जोर बोटावर येतो.

तुम्ही म्हणाल, आमच्या आयांनी जन्मभर विळीवर चिरले, त्यांना कुठे सुरी लागली? बरोबर आहे. घिसाड्याने किंवा गावच्या लोहाराने भट्टीत तापवून, पाणी पाजून केलेले ते पोलादी पाते वर्षानुवर्षे चाले. पण ते इतके का टिके, हे मला फार उशिरा उमगले. विळीवर पाते स्थिर असते आणि भाजी हलते. धार भाजीखेरीज कशालाच लागत नाही. सुरीचे तसे नाही. प्रत्येक कापाला ती खाली आपटते, आणि खाली आता कडाप्प्याचा नाहीतर ग्रॅनाइटचा ओटा असतो. दगडावर चिरले की चांगल्यातली चांगली सुरी महिन्याभरात वाया जाते. म्हणून सुरी द्याल तर बरोबर एक लाकडी फळी द्याच. मी तर म्हणेन, सहाऐवजी दोन सुऱ्या द्या आणि उरलेल्या पैशांत फळी आणि धारेचा दगड घ्या.

आता पाते कशाचे असावे? साधे पोलाद धार छान घेते, पण ओले राहिले की गंजते. कैरी, लिंबू, कच्च्या केळीचा चीक लागला की काळे पडते. आपल्या खानदेशात तर कैरी आणि केळी दोन्ही भरपूर. न गंजणाऱ्या पोलादाची गोष्ट मौजेची आहे. इंग्लंडातील शेफील्ड हे सुऱ्या-कात्र्यांचे जुने गाव. तेथे हॅरी ब्रेअर्ली हा तज्ज्ञ बंदुकीच्या नळ्यांसाठी टिकाऊ धातू शोधत होता. १९१३ साली त्याने सुमारे १३ टक्के क्रोमियम घातलेले पोलाद तयार केले. ते गंजेना, आणि लवकरच त्याच्या सुऱ्या होऊ लागल्या.

पण सगळे स्टेनलेस एक नव्हे, आणि माझी फसगत इथेच झाली. आपल्या बऱ्याचशा ताटवाट्यांच्या स्टीलमध्ये क्रोमियमबरोबर निकेलही असते. ते भांड्याला उत्तम, पण तापवून-विझवून त्याला कडकपणा येत नाही, म्हणून धारही टिकत नाही. शाळेच्या प्रयोगपेटीतले लोहचुंबक खिशात टाकून दुकानात जा. स्टीलच्या पात्याला ते चिकटतच नसेल, तर ती सुरी भांड्याच्या पत्र्याची समजा आणि खाली ठेवा. चिकटले म्हणजे सुरी चांगलीच, असे मात्र नाही बरं का! पुढे आणखी पाहायला हवे.

डोळ्यासमोर धरून धारेची रेघ सरळ आहे का बघा. पात्याचे शेपूट मुठीत शेवटपर्यंत गेलेले असावे. रिवेट मुठीशी सपाट हवेत, बोटाला टोचता कामा नयेत. मूठ ओल्या हातात धरून पाहा. जिला द्यायची तिचा हात आठवा. आपल्या पंजाला भरते ती मूठ तिला जड जाईल. वीतभर पात्याची एक सुरी आणि चार बोटे पात्याची एक लहान, एवढ्यावर भरताच्या कांद्याच्या पातीपासून डांगरापर्यंत सगळे निभते. दुकानदार तयार असेल तर टोमॅटो चिरून पाहा. साल दबली की सुरी परत करा.

धाकट्या भाचीच्या लग्नात मी अशाच दोन सुऱ्या घेतल्या, तर आमच्या थोरल्या आत्याबाई आडव्या आल्या. "धारेची वस्तू हातात देऊ नये, भांडणं होतात. अन् तू लग्नात देतोस?" मी म्हटले, "आत्याबाई, तुमच्या संसाराच्या भांड्यांत विळी नव्हती का?" त्या थोड्या थांबल्या. "होती रे. पण ती विळी!" आता यावर काय बोलणार? वडीलधाऱ्या माणसाचे मन मोडणे मला जमत नाही. इंग्लंडातही हीच समजूत आहे. तेथे सुरी घेणारा देणाऱ्याला एक नाणे देतो, म्हणजे ती भेट न राहता विकत घेतलेली वस्तू होते. ही युक्ती आत्याबाईंना सांगितली. त्यांना ती एकदम पटली. त्यांनी स्वतःच्या पिशवीतला रुपया काढून भाचीच्या हातात दिला, तिने तो मला दिला, आणि मी सुऱ्या तिच्या हातात न देता पाटावर ठेवल्या. दोन्ही रिती सांभाळल्या गेल्या.

धारेचा दगड कसा वापरायचा, तेही तेव्हाच दाखवून दिले. दगड ओला करायचा, पाते जवळजवळ आडवे धरायचे, कोन बदलू द्यायचा नाही, आणि दोन्ही बाजू सारख्याच वेळा ओढायच्या. घाई असेल तर चिनी मातीची बशी उपडी घालून तिच्या तळाच्या खरखरीत कडेवर चार हात फिरवले तरी त्या दिवसाची भाजी निघते.

आणि आहेर बांधताना पात्याला आधी जाड पुठ्ठा गुंडाळा, वरून दोऱ्याने घट्ट आवळा, मग तुमचा रंगीत कागद लावा. मांडवात आहेराच्या ढिगावर पोरे जाऊन बसतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच.